सोळा महिने झाले, चालत नाही, ढुंगणावर सरकते. थांबावं की दाखवावं?

झुळूक
१९ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काल लेकीचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं हौसेनं. सोसायटीतली नऊ-दहा पोरं जमली होती. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हरभरे ओतल्याबरोबर सगळी तुटून पडली. त्यातली दोघं तर चिमीपेक्षा (घरचं नाव) महिन्याने लहान, तीही दुडूदुडू पळत होती. आमची चिमी पाटावर बसल्या जागी टाळ्या वाजवत होती. मग लांब गेलेलं एक बोर तिला हवंसं झालं, तर गेली ढुंगणावर सरकत. एक हात जमिनीवर, उजवा पाय पुढे, होडी वल्हवावी तशी. सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात आमच्या आतेसासूबाई म्हणाल्या, "अगं, ही अजून पायावर नाही आली? आमचा प्रशांत वर्षाचा व्हायच्या आत अंगणात पळत होता." झालं. कालपासून डोक्यात तेच.

१५ तारखेला चिमीला सोळा महिने पूर्ण झाले. पूर्ण दिवसांची, जन्मतः वजन २.९ किलो, रडली लगेच. पालथी घातली की किंचाळायची, त्यामुळे रांगली कधीच नाही. आठव्या महिन्यात आधाराशिवाय बसली, अकराव्यापासून हे सरकणं सुरू झालं. वेग म्हणाल तर दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावं आणि माझ्याआधी ती लिफ्टपाशी! सगळ्या पँटी मागून झिजल्या. साबांनी (सासूबाईंनी) जुन्या सतरंजीची दुहेरी ठिगळं लावून दिलीत.

उभी करायला गेलं तर पाय टेकवत नाही. काखेत धरून उचललं की दोन्ही पाय समोर वर घेते, जणू हवेत कोणी पाट मांडलाय.

बोलणं: आई, बाबा, मम्मं, माऊ, काऊ, भुर्र, नाई. "पंखा कुठाय?" म्हटलं की वर बघते. खिडकीत कबुतर आलं की मला ओढत नेऊन बोट दाखवते.

पंधराव्या महिन्याच्या लशीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, बघू अठराव्यापर्यंत. नवरा म्हणतो, तू आधी मोबाइल बंद कर. साबा म्हणतात, वॉकर आणू या. मी काय करू?

कडीपत्ता
२० जानेवारी, सकाळी ७:१०

आमचे चिरंजीव सतरा महिन्यांचे असताना पहिलं पाऊल टाकते झाले. आता नववीत आहेत, घरात सापडत नाहीत. काळजी नसावी.

विसूभाऊ
२० जानेवारी, सकाळी ८:३५

आम्ही पाच भावंडं. आमच्या आईने कुठलाही तक्ता बघितला नाही. कोण कधी चाललं हेही तिला आठवत नसे. ज्याने त्याने आपापल्या वेळेला पाऊल टाकलं. हल्ली मूल जन्मलं की पहिल्या दिवसापासून प्रगतिपुस्तक. पोरीला पोरगी म्हणून वाढू द्या.

मुक्ता_०७
२० जानेवारी, सकाळी ९:०२

विसूभाऊ, पाचही जण चालले हे छानच. पण आमच्या आजोळी वाड्यात 'पांगळा बाळू' म्हणून एक होता. सगळे त्याला तसंच ओळखायचे, त्याला नेमकं काय झालं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तक्ता नव्हता म्हणजे प्रश्न नव्हता असं नाही हो.

विसूभाऊ
२० जानेवारी, सकाळी ९:४०

मान्य. आमच्याही आळीत एक होती. मुद्दा मागे घेत नाही, पण आवाज खाली आणतो.

नाचणी
२० जानेवारी, दुपारी २:१५

झुळूक, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. न बघता निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. पण तू जे बारकावे लिहिलेस ते वाचून दुपारचा डबा बाजूला ठेवून लिहायला बसले.

उचलल्यावर हवेत पाट मांडल्यासारखं बसणं, पालथं घातल्यावर किंचाळणं, रांगण्याला फाटा देणं आणि ढुंगणावर सरकणं, ही चारही लक्षणं एकत्र दिसणारी मुलं आमच्याकडे नेहमी येतात. यातल्या बऱ्याच मुलांचं अंग जरा सैल असतं, पालथं पडायचा कंटाळा असतो, आणि बसल्या बसल्या फिरता येतंय म्हटल्यावर उभं राहायची गरजच त्यांना वाटत नाही. ही मुलं उशिरा चालतात. दीड वर्ष, पावणेदोन, कधी दोनसुद्धा. आणि पुष्कळदा हे घराण्यात असतं. तेव्हा पहिलं काम: दोन्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, अजून कोण असं सरकायचं?

आता आकडे, कारण तुला तेच टोचतायत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास करून २००६ मध्ये हालचालींच्या टप्प्यांची वयं प्रसिद्ध केली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती, म्हणजे "हे सगळं गोऱ्यांचं" असं कोणी म्हणू नये. त्यात एकट्याने चालायचं वय निघालं ८.२ ते १७.६ महिने. नऊ महिन्यांहून जास्त फरक, आणि दोन्ही टोकांची मुलं निरोगीच! हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, आणि साधारण ४.३ टक्के मुलं तशी रांगलीच नाहीत. बोरन्हाणाला तुझ्या शेजारी पळत होती ती पोरं त्या पट्ट्याच्या अलीकडे उभी होती, चिमी पलीकडच्या बाजूला आहे. पण पट्ट्यातच आहे.

त्याआधीही आपल्याकडे काम झालेलं आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांवर काम करून एक ते तीस महिन्यांसाठी मोजपट्टी बसवली, तिलाच डीएएसआयआय म्हणतात. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. मराठी आडनावाची बाई, आणि मराठी पालकांना तिचं नावही माहीत नसतं. असो, हा माझा जुना सल आहे.

आता "अठराव्यापर्यंत बघू" बद्दल. अठरा महिने ही वाट बघत बसायची मुदत नाही. मूल अठरा महिन्यांत चालत नसेल तर तपासलंच पाहिजे, अशी ती शेवटची रेघ आहे. पाय टेकवतच नाही म्हणतेस, तर मी आजच दाखवलं असतं. भीती म्हणून नाही, उभं राहायला शिकवायला दोन महिने जास्त मिळतात म्हणून.

बघणारा काय बघेल: अंगातला ताण, दोन्ही बाजू सारख्या चालतात का, खुबे नीट बसलेत का, पाय ताठर तर नाहीत, उभं करताना टाचा वर आणि पाय कात्रीसारखे होतात का. रक्तात ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉईड. मुलगा असता तर सीपीके ही तपासणीही सांगितली असती, कारण स्नायूंचा एक आजार मुलग्यांमध्ये असा उशिरा चालण्यातून पहिल्यांदा दिसतो.

आणि एक गोष्ट तूच घरी बघ. सरकताना नेहमी उजवाच पाय पुढे आणि तोच हात जमिनीवर, की बाजू बदलते? वस्तू घेताना एकच हात वापरते का? वर्षाच्या आतबाहेरचं मूल ठामपणे एकाच हाताने सगळं करत असेल तर लोक कौतुकाने "डावरा होणार" म्हणतात. आम्ही मात्र दुसऱ्या हाताकडे बघतो.

झुळूक
२० जानेवारी, दुपारी ३:०५

नाचणीताई, डोळ्यांत पाणी आलं. आत्ताच हॉलमध्ये बसून बघितलं. खेळणी दोन्ही हातांनी घेते, चुरमुरा तर कधी या चिमटीत कधी त्या. सरकताना मात्र बहुतेक वेळा उजवा पाय पुढे. डावा कधीकधी. व्हिडिओ काढून ठेवला.

नाचणी
२० जानेवारी, दुपारी ३:२०

उत्तम. व्हिडिओ दाखवायला ने. दवाखान्यात पोरं हमखास आईला चिकटून पुतळा होतात.

साखरभात
२० जानेवारी, संध्याकाळी ५:४४

साबा म्हणतायत तर वॉकर आणा की. आमच्याकडे दोघांनाही होता. सहा महिन्यांपासून. माझी कामं तरी व्हायची.

नाचणी
२० जानेवारी, रात्री ९:३०

साखरभात, राग मानू नका, पण ते गोल, चाकांचं, मधे चड्डीसारखं आसन असलेलं वॉकर आणूच नका. मूल त्यात चवड्यांवर ढकलत राहतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही. चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं. जिन्यावरून खाली गेलेली, गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचलेली पोरं वेगळीच. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

आपला लाकडी पांगुळगाडा ही निराळी चीज. त्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं, वजन स्वतःच्याच पायांवर असतं. चिमी एकदा धरून उभी राहायला लागली की खुशाल आणा, सोबत कोणीतरी असू द्या. फार पळायला लागला तर गाड्यात दोन किलो तांदूळ ठेवा.

तोवर घरी: पाय जमिनीला टेकतील असं बुटकं स्टूल किंवा उलटा डबा घ्यायचा, त्यावर चिमीला बसवायचं, आणि तिचं खेळणं समोर दिवाणावर, बसून हात पुरणार नाही अशा उंचीवर. ती पुढे झुकेल, ढुंगण उचलेल. ते उचललेलं ढुंगण म्हणजेच उभं राहण्याची सुरुवात. घरात अनवाणी ठेवा. चूं चूं वाजणारे बूट कोणीतरी आहेरात दिलेच असतील, ते कपाटातच शोभतात.

कडीपत्ता
२० जानेवारी, रात्री ९:४८

दोन किलो तांदळाची युक्ती आमच्या आजीची होती. फक्त ती तांदळाऐवजी आम्हा मोठ्या भावंडांपैकी एकाला गाड्यात बसवायची.

कालवाकाठ
२१ जानेवारी, पहाटे १:१२

नेदरलँड्समधून लिहितेय. इथे अशा मुलांना चक्क एक शब्दच आहे, बिलेनस्खाउव्हर. शब्दशः, ढुंगणसरक्या! आमचा धाकटा तसाच होता. इथल्या बालआरोग्य केंद्रात ठरावीक महिन्यांना बोलावतात, नर्सबाई ठोकळे, पुस्तक पुढे ठेवून बघतात आणि नोंद करतात. त्या बाई अजिबात घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, वडील कसे चालायला शिकले ते विचारून घ्या. फोन केला तर सातारहून सासूबाई म्हणाल्या, "तो व्हय, तो तर दोन वर्षं फरशीच पुसत व्हता." धाकटा बावीस महिन्यांचा असताना चालला.

डोंगरवाट
२१ जानेवारी, सकाळी ११:२०

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, डोंगराळ तालुक्यात. शहरातल्या ताईंना फिजिओ लगेच मिळतात, आमच्याकडच्या आयांना नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. कोणाच्या तरी घरी कामाला येणाऱ्या मावशीच्या नातवासाठी उपयोगी पडेल.

गरोदरपणात जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं त्यात लसींच्या पुढे चित्रं असतात: बाळ मान धरतं, बसतं, उभं राहतं, बोलतं. बहुतेक घरांत ते कार्ड फक्त लसीच्या शिक्क्यासाठी उघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, या चार गोष्टी बघायच्या असतात. मूल संशयित वाटलं तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तपासणी, उपचार मोफत.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात पथक येतं त्या दिवशी नेमकी ती आई कांदे लावायला गेलेली असते, मूल आजीजवळ, आणि आजी म्हणते, "त्याचा बापबी असाच होता." आमची सेविका मग संध्याकाळी घरी जाते. गेल्या वर्षी अशाच एका पोराला ती तीनदा जाऊन घेऊन आली. एसटीचे पैसे स्वतःच्या पदरचे. तो एका बाजूने लंगडत सरकायचा. खुबा निखळलेला निघाला.

मुक्ता_०७
२१ जानेवारी, दुपारी १२:०१

डोंगरवाट, त्या सेविकाताईंना साष्टांग.

भुईचाफा
२१ जानेवारी, रात्री १०:४०

दोन दिवस लिहू की नको करत होते. धागा चालण्याचा आहे, माझी गोष्ट उलटी आहे.

माझा मुलगा दहाव्या महिन्यात चालला. सगळ्या नातेवाइकांत पहिला. पेढे वाटले होते. अकराव्या महिन्यात सोफ्यावर, वर्षाचा झाला तेव्हा टेबलावर. जो तो म्हणायचा, किती हुशार! या चालण्याच्या कौतुकात तो बोलत नाहीये हे मला सव्वा वर्षापर्यंत खटकलंच नाही. खटकलं तेव्हा घरचे म्हणाले, बाबासुद्धा तीन वर्षांनी बोलला, मुलगे उशिराच बोलतात. एका मावशीने वेखंड मधात उगाळून जिभेवर फिरवायला सांगितलं. दुसरीने पोपटाने उष्टावलेला पेरू. पेरूसाठी नवरा मंडईत फिरलाय, खोटं नाही सांगत.

घरच्या घरी कान तपासले आम्ही. मागे उभं राहून ताटली आपटली, वळला. कुकरची शिट्टी झाली, वळला. ऐकू येतंय म्हणून सोडून दिलं. नंतर कळलं की मोठे आवाज त्याला येत होते, आणि ताटली आपटली की फरशीचा हादरा पायाला कळतो. बोलण्यातले बारीक आवाज, स, श, फ, हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. हाक मारली की कधी बघायचा, कधी नाही. आम्ही म्हणायचो, आपल्याच नादात असतो.

सव्वादोन वर्षांचा असताना बेरा तपासणी (ऐकू किती येतं ते यंत्राने मोजणारी) झाली, झोपवून. दोन्ही कानांना मध्यम ते तीव्र बहिरेपण. जन्मल्यावर बारा दिवस तो एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. अशा बाळांची श्रवण तपासणी करायचीच असते, हे मला तिथून सोडताना कोणी सांगितलं नाही. फाइलमध्येही कुठे नव्हतं.

तपासणाऱ्या ताईंनी एक हिशेब सांगितला, तो पाठ झालाय: एका महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र. आम्ही सत्ताविसाव्या महिन्यात यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी तो पंख्याखाली उभा राहून वरच बघत बसला. पंख्याला आवाज असतो हे त्याला तेव्हा कळलं.

आता साडेचार वर्षांचा आहे. बोलतो. वाक्यं बोलतो. 'श' अजून निसटतो. मुंबईच्या आसपासच्या लोकांसाठी सांगते, वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. आम्हाला ती तेव्हा माहीत असती तर.

झुळूक, तुझी चिमी पंखा म्हटल्यावर वर बघते ना. मी तुझं ते वाक्य चार वेळा वाचलं.

झुळूक
२१ जानेवारी, रात्री ११:१५

भुईचाफा, काय लिहू कळत नाहीये. मिठी.

विसूभाऊ
२२ जानेवारी, सकाळी ७:५०

वाचलं. धाकट्या नातवाच्या बेरासाठी आजच मुलाला फोन करतो. वीस महिन्यांचा आहे, चार शब्द आहेत. मीच सगळ्यांना "होईल सावकाश" सांगत होतो.

नाचणी
२२ जानेवारी, दुपारी १:४०

भुईचाफा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

उशिरा चालणं आणि उशिरा बोलणं यांना लोक एकाच तागडीत टाकतात, तसं करू नका. बाकी सगळं ठीक असताना एकटं चालणं मागे असेल तर बहुतेकदा ते चालतं होतं. पण मूल ऐकत नसेल, नजर देत नसेल, दाखवत नसेल, तर ते आपोआप भरून निघेल असं धरून बसायचं नाही.

'दाखवणं' या शब्दावर जोर देते, कारण पालकांना विचारलं "बोट दाखवतो का?" की सगळे हो म्हणतात. बोट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत. एक, फ्रिजवरचा डबा हवाय म्हणून. दुसरा, नुसतंच "ते बघ!" म्हणून. विमान, चांदोबा, देवळातली घंटा. हवं काहीच नसतं, फक्त तुम्हीही ते बघावं एवढंच. आणि बोट दाखवून झालं की मूल वळून तुमचा चेहरा बघतं, बघितलंस ना? दीड वर्षापर्यंत हे दुसरं बोट दिसलंच पाहिजे. चिमीचं कबुतर हे दुसरं बोट आहे.

बाकी ज्यांच्यासाठी थांबू नये अशा गोष्टी: वर्षाचं होऊनही बाबाबा-दादादा असली बडबड नाही, टाटा नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. हाकेला वळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत होतं ते गेलं. दहा शब्द होते ते दोनवर आले, टाटा करायचा तो बंद झाला. असं झालं तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. सोळा ते तीस महिन्यांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची, स्वमग्नतेसाठीची (ऑटिझम) चाळणी आहे, डॉक्टरांकडे करून मिळते. ती चाळणी आहे, निकाल नव्हे.

वेखंड-मधाबद्दल: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते. पेरूने नुकसान नाही, पण पोपटाने खाल्लेला भाग कापून टाका आणि धुवा.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं वय जन्मतारखेवरून मोजू नका. दोन महिने आधी आलेलं मूल आज सोळा महिन्यांचं असेल तर आमच्या लेखी ते चौदाचं. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच धरतात.

टाकळा
२२ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

मी अमेरिकेच्या सीडीसीचं (तिथली सरकारी आरोग्य संस्था) मुलांच्या वाढीच्या टप्प्यांचं अॅप वापरते. त्यात रांगणं सापडतच नाही. मला वाटलं माझंच अॅप अर्धवट उतरलंय.

नाचणी
२२ जानेवारी, रात्री ८:५०

नाही, त्यांनी २०२२ मध्ये यादीच बदलली. पूर्वी निम्म्या मुलांना जे जमतं ते वय लिहायचे, आता चारांतल्या तिघांना जमतं ते लिहितात. रांगणं काढून टाकलं, आणि पंधरा आणि तीस महिन्यांच्या नव्या याद्या घातल्या. आधीच्या यादीने पालक उगाच घाबरायचे, किंवा डॉक्टर "थांबू" म्हणायला मोकळे व्हायचे, हे खरं. रांगणं काढलेलं मला स्वतःला तितकंसं रुचलेलं नाही. रांगताना खांदे, मनगटं, दोन्ही बाजूंचा मेळ यांचं जे काम होतं ते मी रोज बघते. पण न रांगलेलं मूल आजारी असतं असं त्यावरून म्हणता येत नाही.

तुंगभद्रा
२३ जानेवारी, सकाळी १०:३०

चालण्याचं निघालंय त्यात माझं बोलण्याचं विचारू का? लेक तेवीस महिन्यांची. मी मराठी, नवरा धारवाडचा, घरात अज्जी फक्त कन्नड बोलते, सांभाळणाऱ्या दीदी हिंदी. सगळे सांगतात, एकच भाषा ठेवा, पोर गोंधळलीय. मराठी शब्द मोजले, तेरा भरले.

मुक्ता_०७
२३ जानेवारी, सकाळी १०:५५

फक्त मराठीच का मोजलेस? सगळ्या भाषांचे मिळून मोज.

तुंगभद्रा
२३ जानेवारी, सकाळी ११:४८

मोजले, कागद घेऊन. भू-भू, हम्मा धरायचे का? धरले तर एकेचाळीस! आणि मोजता मोजता एक लक्षात आलं. पाणी हवं असलं की ती "नीरु दे" म्हणते. नीरु कन्नड, दे मराठी. मी आजवर याला 'निरुदे' असा तिचा एक शब्द समजत होते.

नाचणी
२३ जानेवारी, दुपारी २:००

भू-भू धरायचं. एकाच गोष्टीसाठी नेहमी तोच आवाज काढत असेल तर तो शब्दच. 'केळं'चं 'केयं' झालं तरी शब्दच, ळ, ण, र यांना वेळ लागतो. दोन-तीन भाषांमुळे बोलणं अडत नाही, तुम्ही आणि अज्जी दोघीही आपापल्या भाषेत बोलत राहा. "नीरु दे" हे दोन शब्दांचं वाक्य आहे, आणि फार सुरेख आहे.

साखरभात
२३ जानेवारी, दुपारी ३:३३

मग मोबाइलवरची गाणी? आमची एबीसीडी पूर्ण म्हणते, पण "आई" म्हणत नाही.

कडीपत्ता
२३ जानेवारी, दुपारी ४:०१

साखरभात, हे एकदा दाखवून घ्याच. चेष्टा बाजूला. मोबाइल "बाळा, अजून वरण हवं का?" असं विचारून उत्तराची वाट बघत नाही. दोन वर्षांखाली आजीआजोबांच्या व्हिडिओ कॉलपलीकडे पडदा नको, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्याकडे धाकटीच्या वेळी जेवताना मोबाइल बंद केला, पहिले चार दिवस घराचं कुरुक्षेत्र, पाचव्या दिवशी ती ताटातल्या शिऱ्याशी बोलायला लागली.

झुळूक
८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

दाखवून आलो. नाचणीताई, त्यांनी पहिली गोष्ट केली ती चिमीला काखेत धरून उचलायची, आणि चिमीने लगेच हवेत पाट मांडला. त्या हसल्याच. खुबे ठीक, दोन्ही बाजू ठीक, अंग थोडं सैल. ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं, औषध सुरू केलंय. हिमोग्लोबिन ९.८, लोहाचे थेंब. थायरॉईड उत्तम. आठवड्यातून एकदा जायचं, बाकी घरी.

आणि आता ऐका. तपासणीचं सांगायला आतेसासूबाईंना फोन केला. सहज विचारलं, आत्या, आपल्याकडे कोणी असं सरकायचं का हो? पलीकडे एक मिनिट शांतता. मग म्हणाल्या, "अगं, तुझा नवराच! सारवलेल्या जमिनीवर सरकून सरकून त्याचं झबलं नेहमी मागून हिरवं असायचं. वहिनी वैतागायची." साबा शेजारीच बसल्या होत्या. म्हटलं, तुम्हाला आठवलं नाही? तर म्हणाल्या, "मला फक्त धुणं आठवतं."

विसूभाऊ
८ फेब्रुवारी, रात्री १०:४१

नातवाच्या कानांची तपासणी झाली. कान व्यवस्थित आहेत. वाचा उपचार सुरू केलेत. त्याच्यापेक्षा जास्त गृहपाठ मला दिलाय: त्याने काही मागितलं की लगेच द्यायचं नाही, पाच आकडे मोजून थांबायचं. हे फार कठीण काम आहे.

झुळूक
३ जून, दुपारी ४:०५

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणींनी विपूत (विचारपुशीत) विचारलं.

मार्चमध्ये धरून उभी राहायला लागली. पांगुळगाडा आणला, तांदूळ ठेवले. अक्षय्य तृतीयेच्या दुपारी सगळे आमरसावर ताव मारून आडवे झाले होते. चिमी दिवाण धरून उभी, आणि आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसून कोय चोखत होत्या. चिमीने दिवाण सोडला आणि चार पावलं टाकून थेट कोय हिसकावून घेतली. बघायला जाग्या फक्त आत्या होत्या. त्यांनी इतक्या मोठ्याने हाक मारली की खालच्या मजल्यावरचे वर आले.

साडेएकोणीस महिने. आता घरभर चालते. फक्त घाई असली की, म्हणजे बेल वाजली किंवा फ्रिज उघडला, तर मटकन खाली बसते आणि सरकत येते. अजून तेच जास्त वेगाने जमतं.

सतरंजीची ठिगळं लावलेल्या चार पँटी आहेत, एकदम मजबूत. कोणाकडे ढुंगणसरक्या असेल तर सांगा, पाठवते.